तुपाच्या डब्यातला हायड्रोजन

मी एक जुना स्टीलचा डबा आहे. तीन लिटरचा, फिरकीच्या झाकणाचा. माझ्या पोटावर ठिपक्याठिपक्यांनी अक्षरं कोरलेली आहेत: 'चि. सौ. कां. रतन हिस लग्नानिमित्त साळूबाई आत्याकडून सप्रेम भेट.' ती आता पुसट झाली आहेत. पण मित्रांनो, बोट फिरवून पाहिलंत तर अजून लागतात.

माझा जन्म कुठल्या कारखान्यात झाला ते मला आठवत नाही. आठवतं ते नगरच्या भांड्यांच्या दुकानातलं फडताळ. तिथून साळूबाई आत्यांनी मला उचललं, उलटंसुलटं करून पाहिलं, झाकण दहा वेळा फिरवलं आणि मगच 'हा घट्ट बसतो' असं म्हणून घेतलं. रुखवतात मी घागरीशेजारी बसलो आणि नव्या नवरीबरोबर तिसगावला आलो.

रतनबाईंनी माझ्यात तूप ठेवलं. दर सोमवारी त्या लोणी कढवायच्या, कोमट झालं की गाळून माझ्यात ओतायच्या. माझी जागा ओट्याच्या वरच्या फळीवर, डावीकडून पहिली. पाहुणे आले की पहिल्यांदा हात माझ्याकडे यायचा. बाकीचे डबे मीठमसाल्याचे, डाळींचे. मी तुपाचा! खरं सांगायचं तर मी थोडा शिष्टच होतो. अठ्ठावीस वर्षं मी त्या फळीवर काढली आणि इथून हललो तर थेट मोडीतच जाईन, असं मला वाटत होतं.

रतनबाईंच्या यजमानांचं नाव राधाकृष्ण. रस्त्याच्या कडेला पत्र्याच्या शेडमध्ये त्यांचं गॅरेज. गावात त्यांना सगळे राधाअण्णा म्हणतात. पेट्रोलवरच्या जुन्या व्हॅन ही त्यांची खासियत. त्यांचा हात चांगला होताच, पण त्याहून मोठी गोष्ट म्हणजे त्यांचा शब्द. एकदा एक गिऱ्हाईक 'इंजिन खोला' म्हणत आलं होतं. अण्णांनी कान लावला, एक सैल नट आवळला आणि 'जा घरी, काय झालेलं न्हाई' म्हणून नुसत्या चहावर त्याला वाटेला लावलं. अशा गोष्टी गावात फिरतात. त्यामुळे कुणाला काही शंका असली की दुसरा म्हणायचा, "राधाअण्णा म्हनले ना? मंग झालं." हा शब्द अण्णांनी तीस वर्षांत कमावला होता. त्यांच्याकडे दुसरं फारसं काही नव्हतंच.

एका दुपारी गॅरेजात काम नव्हतं. अण्णांनी मोबाईलवर एक व्हिडिओ पाहिला. एक माणूस सांगत होता की पाण्यातून वीज सोडली तर पाण्याचे दोन वायू होतात, हायड्रोजन आणि ऑक्सिजन. ते नळीनं इंजिनात सोडले की पेट्रोल नीट जळतं आणि गाडीचं मायलेज वाढतं. पेट्रोलनं तेव्हा शंभरी ओलांडली होती. अण्णांनी तो व्हिडिओ चार वेळा पाहिला. गाडी नुसत्या पाण्यावर चालत नाही, हे त्यांना चांगलं ठाऊक होतं. ते काही भोळे नाहीत. पण पेट्रोलला पाण्याची थोडी मदत झाली तर काय वाईट, असं त्यांच्या मनानं घेतलं.

व्हिडिओतल्या माणसानं सांगितलं होतं, डबा स्टीलचा हवा आणि झाकण हवाबंद हवं.

रतनबाई तेव्हा चार दिवस माहेरी गेल्या होत्या. अण्णांनी माझ्यातलं तूप पातेल्यात काढलं, मला राखेनं घासलं आणि गॅरेजात नेलं. माझ्या झाकणाला दोन भोकं पडली. माझ्या पोटात स्टीलच्या पट्ट्या उभ्या राहिल्या, मधेमधे रबराचे वायसर. मग पाणी आणि त्यात चमचाभर कॉस्टिक सोडा. मित्रांनो, अठ्ठावीस वर्षं तूप खाल्लेल्या अंगाला कॉस्टिक सोडा म्हणजे काय ते मला विचारा! पण अण्णांनी वायर जोडली, वीज आली आणि माझ्या पोटातून बारीक बारीक बुडबुडे वर निघाले. अण्णा गुडघ्यावर बसून बघत होते. त्यांच्या चेहऱ्यावर असा काही आनंद होता की मी माझी जळजळ विसरलो.

रतनबाई परत आल्या त्या दिवशी घरात रणकंदन झालं.

"माझा तुपाचा डबा कुठंय?"

"गाडीत हाय," अण्णा म्हणाले.

"गाडीत? तूप कुठं निघालंय फिरायला?"

"तूप पातेल्यात हाय. डब्यात हायड्रोजन हाय."

रतनबाईंनी कपाळावर हात मारला. "आत्यानं दिलेला डबा! मुंग्या लागल्या का त्या पातेल्याला ते तरी बघा आदी."

अण्णांनी मला त्यांच्या स्वतःच्या पांढऱ्या व्हॅनमध्ये बसवलं, सीटच्या मागे. माझ्याशेजारी पाण्यानं अर्धी भरलेली एक बाटली होती. माझा वायू त्या बाटलीतून बुडबुडत पुढे इंजिनाच्या हवेच्या नळीत जायचा. मला जोडण्याआधी अण्णांनी गाडीचं सगळं काम स्वच्छ करून घेतलं. नवे प्लग टाकले, कार्बोरेटर खोलून धुतला, टायरमध्ये हवा भरली. चांगला मिस्त्री नवी वस्तू घाणेरड्या गाडीत बसवत नाही.

मग ते सुटे भाग आणायला नगरला गेले. तिथल्या पंपावर टाकी काठोकाठ भरली, माझी वायर जोडली आणि आम्ही घरी निघालो. अण्णा हळूहळू चालवत होते. मान वळवून वळवून बाटलीतले बुडबुडे बघत होते. करंजीचा घाट उतरलो, तिसगावला आलो, पुन्हा टाकी काठोकाठ भरली. हिशेब केला तर लिटरला सतरा! हीच व्हॅन आधी रडतखडत बारा द्यायची.

"सतरा!" अण्णा पंपावरच ओरडले.

त्या क्षणापासून मित्रांनो, मी डबा राहिलो नाही. मी 'अण्णांचा शोध' झालो. बाजाराच्या दिवशी माणसं व्हॅनभोवती गोळा व्हायची. कुणी माझा फोटो काढायचं, कुणी झाकणाला कान लावायचं. शाळेची मुलं नेणारा पुंजाराम तर येणाऱ्याजाणाऱ्याला हात धरून आणायचा आणि म्हणायचा, "बघा, हे तुपाच्या डब्यावर गाडी चालवत्यात!" आणि मी? मी फुगलो. मी सुरू झालो की इंजिनाचा आवाज किंचित जड व्हायचा. मला वाटायचं, तो मला मान देतोय. तुपाच्या फळीवरचा शिष्टपणा आता दसपट झाला होता.

पुंजारामनं पहिला नंबर लावला. त्याच्यामागे अजिनाथ, आणि मग आणखी नऊ जण. सगळे पेट्रोल व्हॅनवाले. अण्णांनी नगरहून अकरा नवे कोरे डबे आणले आणि गॅरेजच्या फळीवर ओळीनं मांडले. खंडेनवमीला हत्यारांची पूजा करायची, आणि दसऱ्यानंतर एकेका गाडीत एकेक डबा बसवायचा, असं ठरलं. अजिनाथनं तर दोन गावांत सांगून टाकलं की आता त्याची व्हॅन अर्ध्या पेट्रोलवर पळणार. सतराचं अर्धं पेट्रोल कसं झालं ते देव जाणे! उचलली जीभ आणि लावली टाळ्याला.

या सगळ्या गडबडीत एकच माणूस गप्प होतं. अण्णांची सून, ज्ञानेश्वरी. ती श्रीगोंद्याकडची, आणि गावातल्या हायस्कुलात विज्ञान शिकवते. नवरा रविराज नगरला कंपनीत कामाला. ती सकाळी शाळेत जाताना अंगणात उभ्या असलेल्या व्हॅनकडे बघायची आणि काही न बोलता पुढे जायची. मला तिचा रागच यायचा. सगळं गाव कौतुक करतंय आणि ही सून अशी!

एका सकाळी अण्णा माझ्यात पाणी भरत होते. ज्ञानेश्वरी थांबली.

"मामा, एक विचारू? रागावणार नाही ना?"

"इचार की."

"ह्या डब्याला वीज कुठून येते?"

"बॅटरीतनं."

"आणि बॅटरी?"

"डायनामो भरतो तिला."

"डायनामो कोण फिरवतं?"

"इंजिन."

"आणि इंजिन कशावर चालतं, मामा?"

अण्णांच्या हातातला तांब्या जरा थांबला. "पेट्रोलवर," ते म्हणाले. मग झाकण फिरवत म्हणाले, "तू म्हंतीस ते कळतंय मला. पन पोरी, सतरा पडलंय. आकडा खोटं बोलतो व्हय?"

"आकडा खोटा नाही. पण तो एकदाच घेतलाय. आणि अकरा जण तुमच्या एका शब्दावर डबा बसवून घेणार आहेत."

रतनबाई दारात शेंगा निवडत होत्या. त्या म्हणाल्या, "माझं तूप काढताना मला इचारलं न्हाई. तिला तरी उत्तर द्या."

अण्णा हसले. त्यांना स्वतःवर पूर्ण भरवसा होता. म्हणाले, "हातच्या कांकणाला आरसा कशाला? घे मोजून. दहा दिस घे."

ज्ञानेश्वरीनं शाळेतून काचेचं मापाचं भांडं आणलं. परीक्षा अशी ठरली: रोज सकाळी अण्णांनी तिसगावहून पाथर्डीला जायचं आणि त्याच रस्त्यानं परत यायचं. आल्यावर टाकीत खुणेपर्यंत किती पेट्रोल घालावं लागतं ते भांड्यानं मोजायचं. दहा चिठ्ठ्या केल्या. पाच चिठ्ठ्यांवर 'चालू', पाचांवर 'बंद'. रोज ज्ञानेश्वरी एक चिठ्ठी काढणार, 'बंद' निघाली तर माझ्या वायरीचा फ्यूज काढून ठेवणार, आणि अण्णांना काहीच सांगणार नाही. बुडबुडे दिसू नयेत म्हणून तिनं बाटलीवर आणि माझ्यावर एक जुनी उशीची खोळ चढवली.

मी खोळीत बसून हसत होतो. म्हटलं, बाई, बंदच्या दिवशी बघ या गाडीचे कसे हाल होतात ते!

पहिल्या दिवशी चिठ्ठी 'चालू' निघाली. मी जीव तोडून बुडबुडे काढले. दुसऱ्या दिवशी फ्यूज निघाला. माझ्यातलं पाणी नुसतं डचमळत राहिलं. गाडी निघाली आणि मी कान देऊन बसलो. आता खोकेल, मग खोकेल. पण गाडी खोकली नाही. उलट इंजिनाचा आवाज हलका वाटला. पहाटे डोक्यावरचा भारा उतरवून ठेवलेल्या बाईसारखा. चौथ्या दिवशी पुन्हा तसंच. सातव्या दिवशीही तसंच.

तेव्हा मला पहिल्यांदा शंका आली. इंजिन मला मान देत नव्हतं. ते माझं ओझं ओढत होतं. घरचं झालं थोडं अन् व्याह्यानं धाडलं घोडं, तशी त्या बिचाऱ्याची गत होती. आधीच सगळी व्हॅन ओढायची, त्यात माझ्यासाठी डायनामो जास्त जोरानं फिरवायचा. त्याच्याच ताटातले दोन घास उचलून मी त्याला अर्धा घास परत देत होतो, आणि वर गावभर मिरवत होतो की बघा, मी याला जेवू घालतो! मित्रांनो, डब्याला लाज वाटते का असं तुम्ही विचाराल. वाटते. खोळीत कुणी बघत नव्हतं हेच नशीब.

खंडेनवमीच्या आदल्या दुपारी ज्ञानेश्वरीनं वही आणून अण्णांसमोर धरली. चालूच्या पाच दिवसांत सरासरी दोन लिटर दीडशे मिली पेट्रोल गेलं होतं. बंदच्या पाच दिवसांत दोन लिटर एकशे दहा. माझ्यामुळे पेट्रोल वाचलं नव्हतंच. थोडं जास्तच गेलं होतं.

अण्णांनी वही दोनदा वाचली. मळक्या फडक्याला हात पुसले, ते स्वच्छ होते तरी पुसले.

"तुजं माप चुकलं आसंल," ते म्हणाले.

"असेल मामा. तुम्ही घ्या माप." तिनं भांडं त्यांच्यापुढे ठेवलं. "मी कुणाला बोललेली नाही. बोलायचं की नाही, ते तुम्हीच ठरवा."

अण्णांनी भांडं उचललं. त्याच दुपारी स्वतःच्या हातानं फ्यूज लावून एक खेप केली, मग स्वतःच्या हातानं फ्यूज काढून दुसरी. दुसऱ्या खेपेचं पेट्रोल मोजलं, आकडे सुनेच्या वहीसारखेच निघाले आणि ते गाडीत येऊन बसले. खाली उतरेनात. मग स्वतःशीच म्हणाले, "घाट! घाट इसरलो रं मी."

मित्रांनो, तिसगावचं शेंबडं पोरही सांगेल की नगर वर आहे आणि आपण घाटाखाली. इथले गाडीवाले म्हणतात की नगरला जाताना गाडी रडते आणि येताना हसते. बाराचे सतरा झाले त्यातला निम्मा वाटा घाटाच्या उताराचा होता. उरलेला नव्या प्लगचा, धुतलेल्या कार्बोरेटरचा, टायरमधल्या हवेचा. आणि बुडबुड्यांकडे बघत अण्णांनी हळू चालवली होती, त्यांच्या त्या हलक्या पायाचा. माझा वाटा काहीच नव्हता. जन्म घाटाच्या पायथ्याला काढलेला माणूस घाट विसरला, कारण त्याला सतरा हवे होते.

तेवढ्यात फोन वाजला. पुंजाराम होता. त्याचा आवाज मलासुद्धा ऐकू येत होता. "अण्णा, उद्या सकाळी सगळे येतोय. ढोल सांगू का?"

मला वाटलं, आता सांगतील की हो, सांग. काय बिघडणार होतं? चाळीस मिली कुणाला कळणार होतं? डबे बसले असते, व्हॅनवाल्यांनी खूश होऊन गाड्या हळू चालवल्या असत्या, चार महिने सगळे म्हणाले असते की फरक पडला. अण्णांचा शब्द वरवर तरी तसाच राहिला असता.

"या सगळे," अण्णा म्हणाले. "ढोल नको."

खंडेनवमीला गॅरेजात पहाटेच सडा पडला. पाने, हातोड्या, जॅक सगळे रॉकेलनं धुऊन पाटावर मांडले. झेंडूच्या माळा, हळदीकुंकू. बाहेर अकरा व्हॅन ओळीनं उभ्या. या गॅरेजची एक रीत आहे. वर्षभर ज्या हत्यारानं खरं काम केलं त्यालाच पाटावर जागा. हवा मोजायचं एक मीटर अडकून खोटं दाखवायला लागलं होतं, ते त्या वर्षी पाटाखाली, जमिनीवर होतं. पाटाच्या मधोमध मात्र मी होतो. पुंजारामनं मला सगळ्यांत मोठी माळ आणली होती.

अण्णा आले, पाटापाशी बसले आणि माळेसकट मला उचललं. पाटावरून खाली घेतलं आणि त्या बिघडलेल्या मीटरशेजारी ठेवलं. लोकांना वाटलं, जागा बदलतायत.

"ऐका," अण्णा उभे राहिले. "ह्या डब्यानं मायलेज वाढत न्हाई. सुनेनं दहा दिस मोजलं. मी बी मोजलं. उलट थोडं पेट्रोल जादा जातं. मी तुमाला चुकीचं सांगितलं."

मग पुंजाराम म्हणाला, "अण्णा, मंग ते सतरा कुठनं आलं?"

"घाटातनं आलं. नगरहून खाली येताना मोजलं मी."

कुणीतरी मागून फिसकन हसलं आणि लगेच गप्प झालं. अजिनाथ पुढे आला. त्याचा चेहरा लाल झाला होता. "तुमी म्हनला म्हनून मी गावभर सांगत सुटलो. आता कुठं तोंड दाखवू?"

"माज्याकडं बोट दाखव," अण्णा म्हणाले. "म्हन, राधामिस्त्री चुकला. कुनी इचारलं तर मी बी त्येच सांगन."

अजिनाथनं कपाळाला टिळासुद्धा लावून घेतला नाही. गाडी काढली आणि निघून गेला. त्याची व्हॅन आजवर या गॅरेजात परत आलेली नाही. अण्णा अजून कधीमधी त्या बाजूनं गाडीचा आवाज आला की मान वर करतात.

बाकीचे दहा जण घुटमळत उभे होते. पुंजारामनं डोकं खाजवलं. "मंग आमच्या गाड्यांचं काय?"

"दसरा झाला की आना. कार्बोरेटर धुऊन देतो, प्लग बघतो, टायरात हवा नीट करतो. आन् पाय हलका ठेवा."

"यवढंच?"

"यवढंच."

"ह्ये तर आमाला बी म्हाईत हाय की अण्णा."

"म्हाईत सगळ्यांना हाय. करतो कोन?"

यावर मात्र सगळे हसले. पी हळद आणि हो गोरी असं त्यांना हवं होतं. ते मिळालं नाही, पण दसऱ्यानंतर दहाही गाड्या एकामागून एक गॅरेजात आल्या. आता कुणी म्हणालं की राधाअण्णा म्हनले, तर दुसरा म्हणतो, "त्यांनी मोजलं आसंल." शब्द पहिल्यासारखा राहिला नाही. मला तरी तो जास्त भक्कम झाल्यासारखा वाटतो, पण मी त्यांच्या बाजूचा आहे.

त्या सकाळी पूजा उरकल्यावर रतनबाईंनी फळीवरचे नवे डबे काढले आणि एकेकाच्या हातात दिले. "घरी न्या. बायकांना सांगा, तूप ठेवायला दिलाय. गाडीत ठेवला तर माझ्याशी गाठ हाय." माझे ते धाकटे भाऊ सुटले. कॉस्टिक सोड्याचा थेंबही त्यांना शिवला नाही. अजिनाथच्या वाट्याचा अकरावा डबा उरला. तो रतनबाईंनी स्वतःला ठेवला, ओट्याच्या वरच्या फळीवर, डावीकडून पहिला.

ती माझी जागा होती. पण माझं पोट आतून तांबूस डागांनी भरलं होतं आणि झाकणाला दोन भोकं होती. त्यात कोण तूप ठेवणार? तेल गेले, तूप गेले, हाती धुपाटणे आले म्हणतात, ते मी अंगावर घेतलं. अण्णांनी मला धुऊन, पुसून गॅरेजच्या माळ्यावर ठेवलं. टाकलं नाही, हे खरं. पण त्यानंतर आठ महिने मला कुणाचा हात लागला नाही. धूळ बसली. एका कुंभारमाशीनं माझ्या झाकणाच्या भोकात मातीचं घर बांधलं. गॅरेजात रोज माणसं येत, बोलत, हसत, आणि कुणी वर बघत नसे. मित्रांनो, त्या आठ महिन्यांत मला एकच विचार छळत होता: मी खोटा आहे. ज्या माणसाचा शब्द हीच त्याची कमाई, तो शब्द माझ्यामुळे जमिनीवर आला.

जूनमध्ये शाळा उघडली आणि ज्ञानेश्वरी शिडी लावून माळ्यावर आली. तिनं मला खाली घेतलं, माशीचं घर हलकेच काढलं, मला घासलं आणि शाळेत नेलं. विज्ञानाच्या खोलीत टेबलावर मी बसलो. माझ्यात पुन्हा पाणी आलं, पुन्हा वीज आली, पुन्हा बुडबुडे निघाले. ज्ञानेश्वरीनं नळीतला वायू परीक्षानळीत घेतला आणि पेटती काडी जवळ नेली. टप्! केवढा छोटा आवाज, पण सगळा वर्ग दचकला आणि मग खूश झाला.

त्या दिवशी तिनं अण्णांनाही बोलावलं होतं. ते स्वच्छ सदरा घालून, टोपी हातात धरून, बाकाच्या कडेला बसले होते. ज्ञानेश्वरी म्हणाली, "ही सगळी हकीकत मामाच सांगतील." आणि अण्णांनी सांगितली. घाटासकट सांगितली, सतरासकट सांगितली, काही लपवलं नाही. मुलं हसली तेव्हा तेही हसले.

मग आठवीतल्या ईरानं हात वर केला. "आजोबा, मग ह्या डब्यानं तुम्हाला फसवलं ना?"

मी श्वास रोखून धरला. डब्याला श्वास असतो तेवढा.

अण्णा उठून माझ्यापाशी आले. त्यांनी माझ्या अंगावर हात ठेवला, त्या पुसट अक्षरांवरच. "न्हाई बाळा," ते म्हणाले. "ह्याला पान्यातनं वायू काढायचा हुता. त्यो त्यानं पैल्या दिवशी काढला आन् आज बी काढतोय. मायलेज वाढवतो आसं त्यो कधी बोलला न्हाई. ते मी बोललो. ह्याला इचारायच्या आदीच बोललो."

आठ महिने छळणारा तो विचार त्या एका वाक्यानं विरघळला. आता कबूल करतो मित्रांनो, मनातल्या मनात मीही मायलेज आपणच वाढवतो असं समजून बसलो होतो, इतका मी चढलो होतो. पण अण्णांनी ती सगळी चूक एकट्याच्या अंगावर घेतली, तीही चाळीस मुलांसमोर. एवढं माप माझ्यात मावत नाही.

आता दर वर्षी आठवीच्या वर्गात माझा एक तास असतो. बाकीचे दिवस मी कपाटात असतो आणि शनिवारी कुणीतरी मला पुसतं. तूप काही परत मिळालं नाही. म्हणून मित्रांनो, तुमच्याजवळ माझं एवढंच मागणं आहे. घरातल्या वस्तू जपा, त्यांना पुसा, जुन्या झाल्या म्हणून माळ्यावर विसरू नका. आणि आमच्यापैकी कुणाचं कौतुक करावंसं वाटलं, तर गावाला सांगण्याआधी आम्हाला एकदा मोजा, जाताना आणि येताना, दोन्ही वेळा. आम्हाला वाईट वाटणार नाही. पाटावर बसण्यापेक्षा खरं ठरणं आम्हाला बरं वाटतं.